कोनशिलेवर नसलेले नाव : बागा रचणाऱ्यांचा सन्मान कसा होतो आणि का व्हावा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराचे पाणी सोलापूर जिल्ह्यातील अनेक गावांत शिरले, उभी पिके वाहून गेली आणि एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या माणसांवर बोटीची वाट पाहण्याची वेळ आली. त्याच महिन्यात ब्राझीलमध्ये एक लहान विमान कोसळून यू कोंगज्यान हे बागा, तळी आणि मोकळ्या जागा रचणारे चिनी रचनाकार मरण पावले. पुराच्या धावपळीत ही बातमी आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाचनात आली असेल. पावसाचे पाणी गटारातून घाईघाईने शहराबाहेर हाकलण्याऐवजी शहराच्या जमिनीनेच ते स्पंजासारखे शोषून घ्यावे, ही कल्पना जगभर पोहोचवणारा हा माणूस होता. त्यांच्या क्षेत्रातील दोन सर्वांत मोठे मानले जाणारे सन्मान त्यांना मिळाले होते : २०२० मध्ये जेलिको पुरस्कार आणि २०२३ मध्ये एक लाख डॉलरचा ओबरलँडर पुरस्कार.

बागा आणि तळी रचणाऱ्याला एक लाख डॉलर कशासाठी, हा प्रश्न सोलापूरच्या वाचकाला पडला तर नवल नाही, कारण आपल्या शहरात ‘पार्क’ म्हटले की डोळ्यांसमोर हिरवळ येण्याऐवजी पार्क चौक आणि पार्क मैदान येते. हा सन्मान नेमका कशाचा असतो आणि तो अवघड का असतो, ते क्रमाने पाहू.

## आधी एक शब्द

इंग्रजीत ज्याला ‘लँडस्केप आर्किटेक्चर’ म्हणतात त्याला मराठीत भूदृश्यरचना म्हणता येईल. इमारतीच्या भिंतींबाहेर जे जे असते, म्हणजे जमिनीचा चढउतार, पाण्याची वाट, झाडे, पायवाटा, सावली, बसण्याच्या जागा, त्या सगळ्यांची एकत्र मांडणी करण्याचे हे काम आहे. यापुढे या लेखात ते काम करणाऱ्याला नुसते ‘रचनाकार’ म्हटले आहे. ‘लँडस्केप’ हा शब्द जुलै २०२५ मध्ये आपल्या कानांवरून गेलेला आहे, कारण शिवरायांच्या इतिहासाशी जोडलेले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले ते ‘मराठा मिलिटरी लँडस्केप्स’ या नावानेच. तिथेही तट आणि बुरूज एवढाच विचार नव्हता. डोंगर, घाट, किनारा आणि किल्ला मिळून जी एक रचना होते, तिची ती नोंद होती.

रचनाकार आणि माळी यांत फरक काय, हे समजण्यासाठी सोलापुरी चादरीकडे पाहावे. जॅकार्ड मागावर मोर किंवा वेलबुट्टी उमटते ती विणकराच्या हातून, पण कोणता धागा केव्हा वर उचलायचा हे नक्षी काढणाऱ्याने आधीच ठरवून पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून ठेवलेले असते. चादर विकत घेणाऱ्याला विणकराचे नाव ठाऊक नसते आणि नक्षीवाल्याचे तर नसतेच. बागेचे तसेच आहे, पण एका मोठ्या फरकाने : चादर मागावरून उतरली की पूर्ण होते, तर बाग उद्घाटनाच्या दिवशी जेमतेम विणायला घेतलेली असते आणि पुढची तीस वर्षे ती विणली जात राहते. सन्मानाचा सगळा घोळ या एका फरकातून सुरू होतो.

## साहित्यिकांना पुतळे, रचनाकाराला फुलांचा वाफा

सर्वसामान्य लोकांसाठी, सार्वजनिक पैशातून बाग करावी ही कल्पना तशी अलीकडची आहे. त्यापूर्वी बागा राजांच्या, सरदारांच्या किंवा देवळांच्या असत. इंग्लंडमधील बर्कनहेड येथे जोसेफ पॅक्स्टन यांनी रचलेली बाग १८४७ मध्ये खुली झाली आणि ती लोकांच्या पैशाने लोकांसाठी झालेल्या पहिल्या बागांपैकी एक मानली जाते. १८५० मध्ये ती पाहून एक तरुण अमेरिकन भारावून गेला. त्याचे नाव फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. आठ वर्षांनी, १८५८ मध्ये, कॅल्व्हर्ट वॉक्स या वास्तुरचनाकाराबरोबर त्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा जिंकली.

ही बाग ८४३ एकरांची आहे आणि तिच्या रचनेतील एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. शहराच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणारे चार रस्ते बागेतून न्यावेच लागणार होते. ओल्मस्टेड आणि वॉक्स यांनी ते जमिनीच्या पातळीखाली खोदून नेले आणि वरून पूल टाकून पायवाटा काढल्या, त्यामुळे घोडागाड्या बागेच्या पोटातून जात राहिल्या आणि वर चालणाऱ्याला त्यांची चाहूलही लागेना. दीडशे वर्षांहून अधिक काळ उलटला, घोडागाड्यांच्या जागी मोटारी आल्या, तरी ती युक्ती काम देते आहे. चांगली भूदृश्यरचना ओळखायची खूण हीच की ती दिसत नाही, ती निसर्गतःच तशी होती असे वाटते.

आणि जे दिसत नाही त्याचा सत्कार कोण करणार? त्याच सेंट्रल पार्कमध्ये एल्म वृक्षांच्या एका सुंदर रांगेखाली शेक्सपिअर, वॉल्टर स्कॉट आणि रॉबर्ट बर्न्स यांचे पुतळे आहेत. ज्याने ती रांग कागदावर आखली त्या ओल्मस्टेडच्या नावाने तिथेच, दक्षिण टोकाला, फुलांचा एक वाफा आहे. मला व्यक्तिशः तो वाफा पुतळ्यांपेक्षा अधिक शोभून दिसणारा सन्मान वाटतो, कारण पुतळा विसरता येतो. वाफ्याला दर हंगामात कोणीतरी हात लावावाच लागतो.

## पुरस्कार एवढे उशिरा का आले?

या व्यवसायाची अमेरिकेतील संघटना १८९९ मध्ये स्थापन झाली. तिच्या अकरा संस्थापकांत बिअॅट्रिक्स फॅरंड या एकट्याच स्त्री होत्या. आंतरराष्ट्रीय महासंघ १९४८ मध्ये उभा राहिला आणि जेफ्री जेलिको त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार मात्र २००५ पासूनचा आहे. ओबरलँडर पुरस्कार तर २०२१ मध्ये सुरू झाला. इमारती रचणाऱ्यांसाठीचा प्रिट्झकर पुरस्कार, जो आपले बाळकृष्ण दोशी यांना २०१८ मध्ये मिळाला, तो १९७९ पासून दिला जातो. इमारतीच्या मानाने बागेला एका पुरस्कारासाठी सव्वीस वर्षे आणि दुसऱ्यासाठी चार दशके थांबावे लागले.

इमारतीचे छायाचित्र ती पूर्ण झाल्याच्या दिवशी सर्वांत देखणे येते आणि बागेचे त्या दिवशी सर्वांत केविलवाणे, हे त्याचे एक कारण आहे. काठीला बांधलेल्या रोपांच्या रांगा पाहून परीक्षक काय ठरवणार? दुसरे कारण असे की बागेचे श्रेय विभागले जाते. रचनाकाराने आखले, अभियंत्याने बांधले, ठेकेदाराने लावले, माळ्याने जगवले आणि नगरसेवकाने फीत कापली. या साखळीतील शेवटचे नाव कोनशिलेवर जाते, याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण निधी मंजूर करून आणणे हेही काम आहेच. आधीची सगळी नावे मात्र गळून जातात, आणि त्यांच्याबरोबर बाग तशी का केली याचे कारणही गळून जाते. नुकसान खरे तिथे होते.

कॉर्नेलिया हान ओबरलँडर यांचे उदाहरण बोलके आहे. जर्मनीत जन्मलेल्या आणि कॅनडात स्थायिक झालेल्या या बाईंनी मुलांच्या खेळाच्या जागांपासून सुरुवात केली. घसरगुंडी आणि झोका सिमेंटमध्ये रोवून मोकळे होण्याऐवजी वाळू, पाणी, ओंडके आणि उंचवटे द्यावेत, मूल आपला खेळ आपण शोधते, असे त्यांचे म्हणणे होते. जेलिको पुरस्कार त्यांना २०११ मध्ये, म्हणजे वयाच्या नव्वदीत मिळाला. आपल्या शंभराव्या वाढदिवसाला महिनाभर उरला असताना, मे २०२१ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचा पहिला पुरस्कार त्याच वर्षी ज्युली बार्गमन यांना मिळाला, ज्यांचे काम बंद पडलेल्या खाणी आणि कारखान्यांच्या दूषित जमिनींवर चालते. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी ही बंद पडलेल्या गिरण्यांची नावे ज्या शहराच्या बोलण्यात अजून आहेत, त्या शहराला बार्गमन यांच्या कामाचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

## सोलापूरच्या उन्हात हे चालेल का?

हा सर्वांत रास्त आक्षेप आहे. न्यूयॉर्कला पाऊस पुरेसा पडतो, तिथे हिरवळ आपोआप राहते. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि नळाला काही दिवसांआड पाणी येते. मग बागेची चैन कशाला, असे विचारले जाते.

उत्तरासाठी थोडे अंकगणित पुरे आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एका एकरात सुमारे ४,०४७ चौरस मीटर असतात. म्हणजे एका एकराच्या बागेवर एखाद्या रात्री पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या बागेत दोन लाख लिटर पाणी पडते, दहा हजार लिटरचे वीस टँकर. बाग फरशी आणि पेव्हर ब्लॉकने मढवलेली असेल तर यांतले बहुतेक टँकर गटारात जातात आणि वाटेत कोणाच्या तरी घरात शिरतात. आता उलट बाजू पाहा : त्याच एकरावर लॉन लावले आणि उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज पाच लिटर पाणी धरले, तर रोजचे वीस हजार लिटर, म्हणजे दोन टँकर लागतात. जे पावसाळ्यात घालवले तेच उन्हाळ्यात विकत आणायचे, असा हा व्यवहार होतो.

रचनाकाराचे काम या दोन आकड्यांमध्ये आहे. आपल्याकडची काळी माती कोरडी असताना भेगाळते, पण ओली झाली की फुगते आणि पाणी आत घेईनाशी होते. खालचा मुरूम मात्र पाणी घेतो. त्यामुळे उतार कुठे वळवायचा, काळी माती बाजूला करून मुरुमापर्यंत चर कुठे खणायचा, पाणी दोन दिवस थांबले तरी चालेल असा खोलगट भाग कुठे ठेवायचा आणि त्याच्या काठावर करंज किंवा अर्जुन लावायचा की नाही, हे आधी ठरवावे लागते. कडुनिंब, बहावा, चिंच ही इथल्या उन्हाला सरावलेली झाडे आहेत. ती सावली देऊ लागेपर्यंत धीर मात्र धरावा लागतो, आणि तेवढा धीर नसल्यामुळेच पटकन वाढणारी परदेशी झुडपे रांगेने लावली जातात. यू कोंगज्यान यांची स्पंज शहराची कल्पना म्हणजे याच हिशेबाचे मोठे रूप. चीनने २०१५ मध्ये सोळा शहरांत तिचे प्रयोग सुरू केले. तिने पूर पूर्णपणे थांबतात असे कोणी समजू नये. फार मोठ्या पावसापुढे स्पंजही भिजून तुडुंब होतो, आणि नदीचा पूर तर वरच्या अंगाच्या पावसावर ठरतो. पण गल्लीत गुडघाभर पाणी साचणे आणि मेमध्ये बाग करपणे, या दोन नेहमीच्या दुखण्यांवर तिचा उपयोग होतो.

## ‘झाडे लावणाऱ्यांचा सत्कार आम्ही करतोच की’

करतो, आणि करायलाच हवा. शेजारच्या कर्नाटकातील सालुमरद तिम्मक्का यांनी पतीच्या साथीने हुलिकल ते कुदूर या रस्त्याच्या कडेला ३८५ वडाची झाडे लावून जगवली आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चंदीगडच्या रॉक गार्डनचे नेकचंद हे सरकारी बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि टाकाऊ सामान वापरून त्यांनी वर्षानुवर्षे गुपचूप उभारलेली ती बाग १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली आणि १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दोघांकडेही या विषयाची पदवी नव्हती, तेव्हा पदवीधरांनाच सन्मान द्यावा असे कोणी म्हणू नये.

फरक एवढाच की आपले सत्कार बहुधा संख्येचे असतात. अमुक हजार रोपे लावली, असा आकडा जाहीर होतो. झाड कुठे लावले, तिथेच का लावले, दहा वर्षांनी ते विजेच्या तारेला टेकणार नाही ना, त्याच्या सावलीत कोण बसणार, हे आकड्यात येत नाही. तिम्मक्कांचे वडसुद्धा नुसते ३८५ म्हणून मोठे नाहीत. रस्त्याने पायी जाणाऱ्याच्या डोक्यावर सलग सावली धरली जाईल अशा ओळीत ते उभे आहेत, हे त्यांचे मोठेपण आहे. म्हणजे त्यांच्याही कामात रचना होतीच, आपण ती मोजली नाही.

बंगळूरुने या बाबतीत थोडे अधिक औचित्य दाखवले. लालबागेचा कारभार १९०८ पासून पाहणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुंबिगेल यांनी शहरात झाडे अशी निवडली की एकाचा बहर ओसरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा. लालबागेजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

## रचणारा मोठा की राखणारा?

सेंट्रल पार्कची गोष्ट १८५८ ला संपत नाही. १९७० च्या दशकात, शहराची तिजोरी रिकामी झाली तेव्हा, ही बाग अक्षरशः मोडकळीला आली होती. हिरवळीची धूळ झाली होती आणि अंधार पडला की लोक आत जायला घाबरत. १९८० मध्ये एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांच्या पुढाकाराने नागरिकांची एक संस्था उभी राहिली आणि तिने पालिकेशी करार करून बागेची देखभाल हाती घेतली. नवे काही बांधण्याच्या मोहात न पडता त्यांनी मूळ रचनेमागचा विचार समजून घेऊन एकेक भाग दुरुस्त केला. आज लोक ओल्मस्टेडच्या प्रतिभेचे कौतुक करतात ते रॉजर्स यांच्या चिकाटीमुळे शक्य झाले आहे, आणि म्हणून सार्वजनिक बागांच्या क्षेत्रात राखणाऱ्यांनाही रचणाऱ्यांच्या बरोबरीने मान मिळू लागला.

याच बागेची दुसरी बाजूही लपवू नये. ती करण्यासाठी तिथे राहणाऱ्या लोकांना हलवण्यात आले आणि त्यांत सेनेका व्हिलेज ही कृष्णवर्णीयांची वस्तीही उठली. रचनाकाराचा गौरव करताना जागा कोणाची होती हे सांगणे हा त्या गौरवाचाच भाग असायला हवा.

आपल्याकडे देखभालीची अडचण साधी आणि सर्वांना ठाऊक असलेली आहे. बाग उभारण्यासाठी योजनेतून निधी येतो. २०१५ च्या अमृत योजनेत तर उद्यानांसाठी वेगळा घटकच होता. पण माळ्याचा पगार, पाणी आणि पंपाची दुरुस्ती यांसाठी दरवर्षी लागणारा पैसा स्थानिक तिजोरीतून काढावा लागतो. देखभालीच्या ठेक्याची मुदत संपते, नव्या टेंडरला उशीर होतो, आणि त्या मधल्या एका उन्हाळ्यात पाच वर्षांची झाडे जातात. कारंजे बंद पडते ते वेगळेच.

## सोलापुरात सन्मान करायचा तर

खरे म्हणजे या शहराला भूदृश्य रचणाऱ्याचा सन्मान कसा करावा हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी भक्तांच्या श्रमातून तलाव खोदवला आणि नगराच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापन केली, अशी परंपरा आहे. म्हणजे सोलापूरचे ग्रामदैवत हे तलाव बांधणारे दैवत आहे. आणि त्यांचा सन्मान कसा होतो? दर जानेवारीत गड्डा यात्रेच्या वेळी नंदीध्वज खांद्यावर पेलून लोक त्या अडुसष्ट लिंगांची वाट चालतात आणि तैलाभिषेक करतात. त्या वाटेवरची प्रत्येक जागा वर्षातून एकदा तरी कोणाच्या तरी डोळ्यांखालून जाते आणि तिची साफसफाई होते. भाविक याकडे श्रद्धेने पाहतात आणि ते योग्यच आहे, पण बागांचा विचार करणाऱ्याला त्यात दरवर्षी न चुकता होणारी पाहणीही दिसते.

हीच रीत बागांना लावायची तर फार खर्च येत नाही. हुतात्मा बाग असो, संभाजी तलावाचा काठ असो की एखाद्या हद्दवाढ भागातील छोटे उद्यान, फलकावर उद्घाटकाच्या नावाखाली आणखी दोन ओळी असाव्यात : रचना कोणाची आणि जोपासना कोणाची. मूळ नकाशा, झाडांच्या यादीसह, पालिकेच्या उद्यान विभागात जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या अधिकाऱ्याला तो खोलगट भाग ‘चुकून राहिलेला खड्डा’ वाटून तो भरून टाकणार नाही. आणि उत्कृष्ट उद्यानाचे बक्षीस द्यायचेच असेल तर ते उद्घाटनाच्या वर्षी न देता दहा वर्षे पुरी झालेल्या बागेला द्यावे, तेही रचनाकार आणि मुख्य माळी या दोघांना मिळून. दहा वर्षांत ठेके बदलतील, माळी बदलतील, मग दोघांना शोधायचे कुठे, असा प्रश्न कोणी विचारेल. त्यासाठीच त्या दोन ओळी फलकावर आधी कोराव्या लागतील.

परीक्षक होण्यासाठी वेगळे शिक्षणही लागत नाही. पुढच्या मोठ्या पावसानंतर तासाभराने छत्री घेऊन जवळच्या बागेत जावे आणि पाणी कोणत्या बाजूला चालले आहे ते पाहावे : झाडांच्या आळ्यांकडे, की फाटकातून बाहेर रस्त्यावर. मग मे महिन्यात दुपारी तीन वाजता त्याच बागेत पुन्हा जावे आणि किती बाकांवर सावली आहे ते मोजावे.